सिडनी : हॅझर्ड रिडक्शनचा धूर आणि सासऱ्यांचा दमा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीच्या उत्तरेला हॉर्न्सबीजवळ राहतो, मागे बेरोव्रा खोऱ्याचं रान. सासरे महिन्याभरापूर्वी गुहागरहून आलेत. वय 74, जुना दमा.

गेल्या शनिवारी जवळच हॅझर्ड रिडक्शन, म्हणजे पुढचे वणवे टाळायला ठरवून जाळ लावला होता. बाबा म्हणाले, "आपल्या भाजावळीसारखंच की!" 2019-20 चे वणवे आम्ही इथेच पाहिलेत, त्यामुळे थंडीत पाला जाळून टाकण्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर धूर वरच्या वर गेला, म्हणून रात्री खिडकी किलकिली ठेवून झोपलो. ती चूक नडली. पहाटे चारला बाबांना धाप लागली. निळ्या पंपाने (धाप लागली की घ्यायच्या) आराम पडला, पण तो अर्धा तास माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

येत्या शनिवार-रविवारी 'हॅझर्ड्स निअर मी' या आगीची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर पुन्हा जाळ दिसतोय. एसी चालवावा का? पी2 मास्क (धुराचे बारीक कण गाळणारा) आणलाय, पण दाढीमुळे नीट बसत नाही. आणि पहाटेचं फिरणं बाबा सोडायला तयार नाहीत, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद :

ताई, मुलीच्या दम्यामुळे आम्ही पेनरिथला दर वर्षी यातून जातो. वारा पडलेल्या थंड रात्री गार हवा खोऱ्यात उतरते आणि धूर जमिनीलगत कोंडतो, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. फिरणं दुपारवर ढकला, तेही सरकारी संकेतस्थळावर दर तासाचा पीएम 2.5 चा (हवेतल्या अतिबारीक कणांचा) आकडा बघून. हवा निवळली की मात्र खिडक्या सताड उघडा.

स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो, तो चालेल. पाण्याचा कूलर नको, तो बाहेरची हवा ओढतो. स्वयंपाकघर-बाथरूमचे एक्झॉस्टही गरजेपुरतेच लावा, त्यांच्या ओढीने फटींतून धूर आत येतो. बाबांच्या खोलीत हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणारा) प्युरिफायर ठेवा, दाराखाली ओला टॉवेल. त्या दोन दिवसांत उदबत्ती आणि मिरचीची खमंग फोडणी नको.

दाढीवर पी2 चा उपयोग नाही, कडेने हवा शिरते. साध्या सर्जिकल मास्कने बारीक कण अडत नाहीत.

रोजचा प्रिव्हेंटर (दमा आटोक्यात ठेवणारा पंप) चुकवू देऊ नका. शनिवारच्या आत जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) लेखी अस्थमा प्लॅन घ्या आणि मराठीत उतरवून फ्रिजवर लावा. धाप लागली तर बसवून, स्पेसरमधून (पंपाला लावायच्या नळीतून) निळ्या पंपाचे 4 फवारे, एकेक करून, प्रत्येकाला 4 श्वास. 4 मिनिटं थांबा, पुन्हा 4. तरी उतार नाही तर लगेच 000 (इथला तातडीचा नंबर). बोलताना वाक्य तुटत असेल तर आधीच 000. ॲम्ब्युलन्सच्या बिलाचा विचार करत थांबू नका, पाहुण्यांच्या विम्याचं कलम आजच वाचून ठेवा.