पश्चिम मॅकडॉनेल पर्वतरांगांच्या प्रवासाबद्दल मदत हवी आहे
नमस्कार. येत्या जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्सहून पश्चिम मॅकडॉनेल पर्वतरांगा पाहण्याचा विचार आहे. ही अरेर्न्ते या तिथल्या आदिवासी लोकांची भूमी असल्याने गेरूच्या कड्यांतील तांबडे-पिवळे पट्टे पाहताना काय टाळावे आणि फोटो कुठे काढू नयेत, हे त्यांच्याच माणसाकडून ऐकावे, अशी मनापासून इच्छा आहे. असा स्थानिक वाटाड्या कोणाला ठाऊक आहे का? ऑर्मिस्टन घळीपर्यंत डांबरी रस्ता आहे, परंतु पुढे किंग्ज कॅन्यनकडे जाणाऱ्या मेरीनी लूपसाठी परवाना लागतो आणि तो रस्ता खडबडीत व कच्चा आहे, तेव्हा भाड्याची साधी गाडी तिकडे नेण्याऐवजी हमरस्त्याने वळसा घालावा का? स्टँडली चॅझम या अरुंद घळीचे कडे भर दुपारच्या उन्हात लालभडक उजळतात. तिथवरची दगडगोट्यांची वाट गुडघेदुखी असलेल्या आईला झेपेल का, हेही कृपया कळवावे.