ऑनलाइन थेरपी घ्यावी का? घरात दार लावून बसायलाही जागा नाही

उदगीरची_लेक:
नमस्कार, बरेच दिवस मनात होतं, आज धीर करून विचारतेय. मी उदगीरला असते, वय ३१, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दिवाळीपासून मधूनच छातीत धडधड सुरू होते, हाताला घाम सुटतो, फळ्यावर लिहिता लिहिता खडू निसटतो आणि वाटतं आता आपलं काही खरं नाही. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शनचं आहे, काउन्सेलिंग घ्या. इथे माझ्या माहितीत कुणी नाही, लातूरला जायचं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि घरी काय सांगून निघायचं? म्हणून ऑनलाइनचा विचार आहे. पण घर लहान, सासूसासरे, जाऊबाई, पोरं, दार लावलं की पाच मिनिटांत कुणीतरी वाजवतंच. शिवाय मोबाइलवर अनोळखी माणसासमोर मन मोकळं होईल का तेच कळत नाही. कुणी घेतली असेल तर प्लीज सांगा.

चंद्रपूरची_वैदर्भी:
ताई, अगदी हेच माझं झालं होतं. १४ सेशन झाले, सगळे ऑनलाइन, पुण्याच्या मॅडम, एकदाही समोरासमोर भेटलो नाही आणि तरी खूप फरक पडला. पण पहिलं सेशन वाया गेलं ते ऐका. बेडरूममध्ये बसले, बाहेर कुकरच्या शिट्ट्या, मी कुजबुजत बोलतेय, मॅडमनी विचारलं घरी कसं आहे तर मी म्हटलं सगळे छान आहेत, पाऊण तास सगळं छानच चाललं होतं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, तुम्ही सारखं दाराकडे बघताय, आधी जागा शोधू या. मग मी सकाळी साडेसहाला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कानात हेडफोन घालून बसायला लागले आणि दुसऱ्याच दिवशी जे रडले ना. म्हणून आधी जागा बघा, थेरपिस्ट नंतर. तुमची तर शाळा आहे, शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग मिळत नाही का?

मनमोकळं_बोला:
मी या क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, तो वाढला तरी अशीच धडधड होते. तुम्ही लिहिलंय ते पॅनिक अटॅकसारखं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यासारखं वाटतंय पण नक्की काय ते तपासणाराच सांगेल. पॅनिक असेल तर ऑनलाइन चांगलं जमतं, कारण बरंचसं काम तुम्हालाच घरी करायचं असतं, म्हणजे जिना चारदा चढउतर करून मुद्दाम धडधड आणायची आणि ती आपोआप उतरते हे स्वतः अनुभवायचं, त्याची वही ठेवायची. (हे मनानं करू नका, थेरपिस्टनं सांगितल्यावरच.) माणूस निवडताना शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर मागा, विचारलं म्हणून जो चिडतो तो नकोच. गोळ्या सायकॉलॉजिस्ट देत नाही, त्यासाठी सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे काही औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, तेव्हा एखादी लातूरची फेरी पडू शकते. जीव द्यावासा वाटणं, आवाज ऐकू येणं, घरात मारहाण असलं काही असेल तर फक्त स्क्रीनवर अवलंबून राहू नका. आणि पैशाची अडचण असेल किंवा आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारचं आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, रात्रीसुद्धा, मराठीत बोलतात.

सोलापुरी_दादा:
मला नाही जमलं, तेही लिहायला हवं. वडील गेल्यावर ऑनलाइन पाच सेशन केले, नेट अडकायचं, मी नेमकं बोलायला लागलो की समोरचा चेहरा गोठलेला. नंतर इथेच एका डॉक्टरांकडे गेलो. वडिलांच्या दुकानाचा विषय निघाला तसे ते माझ्या पायाकडे बघत म्हणाले, किती वेळ हलवताय तो पाय? मला पत्ताच नव्हता. मोबाइलवर छातीच्या वरचंच दिसतं, पाय कुणाला दिसणार. पण ताई, तुमच्या गावात पर्यायच नाही तर सुरू तरी करा, तीन-चार सेशन बघा, नाही पटलं तर सरळ सांगून माणूस बदला, भीड ठेवू नका.

बेंगलोरकर_मी:
एकच सांगते, मराठी येणारीच बघा. मी इंग्रजीत सुरू केलं होतं, "जीव घाबरा होतो" हे काही केल्या सांगता येईना. मराठी मॅडम मिळाल्यावर पहिल्याच वाक्यात त्यांना कळलं.

उदगीरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचता वाचता डोळे भरून आले. रिकाम्या वर्गाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, वाचनालयाच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते, आज तिथे उभी राहून रेंज बघितली, खिडकीपाशी तीन दांडे येतात. काल रात्री १४४१६ ला पण लावला होता, दहा मिनिटं बोलले. थायरॉइडचं रक्त उद्या देतेय. शनिवारी एका मराठी मॅडमची वेळ घेतलीय, नोंदणी नंबर मागितला तर त्यांनी लगेच फोटो पाठवला. कसं झालं ते इथेच लिहीन.