12 बाय 20 च्या शेडमध्ये डस्ट कलेक्टर बसवू का? बाबा म्हणतात, पंखा लाव

हौशी_सुतार (वर्धा जिल्हा)
नोकरी शाळेत, जीव सुतारकामात. घरामागचा कोठा जनावरं विकल्यावर रिकामा पडला होता, त्याचं 12 बाय 20 चं टिनाचं शेड केलं. टेबल सॉ, रंधा मशीन, एक बँड सॉ, दोन सँडर (पॉलिशपेपरनं घासायची मशीन). तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा सण, त्याच्या आधीचे दोन महिने नुसते लाकडी बैल. यंदा दीडशेच्या वर गेले. बैल कापायला वेळ लागत नाही, घासायला लागतो. वशिंड, शिंगांची बुडं, पोटाखालचा भाग, 80 च्या पेपरपासून 220 पर्यंत.

शेडच्या टिनाला खिळ्याचं एक जुनं भोक आहे. सकाळी त्यातून उन्हाची काडी सँडरच्या टेबलावर पडते. परवा सँडर बंद करून चहाला गेलो, अर्ध्या तासानं आलो. काडी हातभर सरकली होती, पण तिच्यात धूळ तशीच लोंबकळत होती. खाली बसलीच नव्हती. म्हणजे मशीन बंद केल्यावर आपण मास्क काढतो, तेव्हाही हीच हवा ओढतो.

माझं मत असं, की मशीन घेतानाच धूळ ओढायची सोय, म्हणजे डस्ट कलेक्टर, त्याच खर्चात धरली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 सालीच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या यादीत, तंबाखूच्या रांगेत. मुख्य धोका नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा. माझा बेत 2 एचपीचा ब्लोअर, 4 इंची पाइप, मध्ये सायक्लोन (जड भुसा हवेतून वेगळा पाडणारा शंकू) आणि हवा थेट बाहेर असा आहे. नागपूरला ब्लोअरचाच भाव 25 हजारांच्या आसपास सांगितला. बाबा म्हणतात, मोठा पंखा लाव, दार उघडं ठेव, उरलेल्या पैशात विहिरीची मोटर दुरुस्त कर. कुणाचं बरोबर?

वाढईकाका (यवतमाळ)
सर, राग मानू नका, पण बाबाचं बरोबर हाये. मी पंधराव्या वर्षी वाकस धरली. आमच्या बापानं लिंबाखाली बसून बाभळीच्या बंड्या केल्या, वखर केले, तिफणी केल्या. ढलपी पडे, ते चुलीत जाये. धूळ कायची? धूळ तुमच्या सँडरनं आणली, अन् आता त्या धुळीसाठी आणखी एक मशीन. बैल घेतला म्हणून बंडी, बंडी घेतली म्हणून वावर, असं होऊन रायलं हे. रंध्याले धार ठेवा. वशिंडाले काचेचा तुकडा चालवा, कागदासारखा पातळ छिलका निघते, हवेत काही उडत नाही.

अन् लाईनचं काय? संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आलं का 2 एचपीची मोटर नुसती घुमते, उठत नाही. आमच्याकडं एकानं लावली होती. दोन महिन्यात कपॅसिटर गेला, मग वाइंडिंग. आता त्याच्यावर कोंबड्या बसतात.

पॉलिशपेपर (भंडारा)
काका, काचेच्या तुकड्यानं दीडशे बैल? पोळा जाऊन दिवाळी येईल.

मास्कवाला (चंद्रपूर)
सरांच्या एका वाक्याला हरकत आहे. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे, धोका तंबाखूइतका मोठा आहे असं नव्हे. आपण किती धूळ, किती वर्षं ओढतो यावर सगळं अवलंबून. आरागिरणीत रोज दहा तास उभा राहणारा वेगळा आणि वर्षातून दोन महिने बैल करणारा वेगळा. घाबरवून खर्च करायला लावू नका.

आमच्याकडं बल्लारशाचं सागवान. घासलं की मनगटं खाजतात, शिंका सुरू होतात, हे मान्य. सागाची धूळ अनेकांना सोसत नाही. पण त्यावर पूर्ण बाहीचा शर्ट आणि चांगला एन95 मास्क. नीट चिकटून बसला तर 95 टक्के बारीक कण अडवतो. आणि सँडर शेडबाहेर झाडाखाली आणा. खर्च शे-दोनशे रुपये.

हौशी_सुतार
भाऊ, गटाबद्दलचं बोलणं मान्य, मी ताणून लिहिलं. पण मास्कचं मान्य नाही. मे महिन्यात टिनाखाली तो घालून बघा. दहाव्या मिनिटाला घामानं भिजतो, विसाव्या मिनिटाला गळ्यात येतो. माझी दाढी आहे, त्यामुळे तो चिकटून बसतच नाही. आणि मास्क फक्त मला. बाबा दिवसातून चारदा आत येतात, पोरगी शाळेतून आली की तिथंच खेळते. त्यांना कोण घालणार?

मिलफिटर (गोंदिया)
वीस वर्षं राइस मिलमध्ये फिटर आहे, त्यामुळे हवा आणि पाइप माझ्या रोजच्या कामातले. दोघांचंही थोडं चुकतंय.

आधी पंख्याचं. पंखा धूळ काढत नाही, फिरवतो. जाड भुसा तसाही खाली पडणारच होता. जी बारीक पडणार नव्हती, ती पंखा तुमच्या नाकापर्यंत पुन्हा पुन्हा आणतो. भिंतीत बसवलेला, बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा असेल आणि समोरून हवा आत यायला जागा असेल, तर थोडा उपयोग.

आता सर तुमचं. मिलच्या छतावर उलट्या शंकूचं टिनाचं डबडं असतं ना, तोच सायक्लोन. हवा आत तिरपी शिरते, गरगर फिरते, जड माल भिंतीला घासत खाली येतो, हवा मधून वर जाते. खालचा ड्रम मात्र पक्का हवाबंद पाहिजे. बोट जाईल एवढी फट राहिली तरी माल खाली पडायच्या ऐवजी वर ओढला जातो. प्लास्टिकचा पातळ ड्रम घ्याल तर पाइप तुंबल्यावर पिचकून बसेल.

पाइप. भुसा वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास लागतो. 4 इंची पाइपात या वेगानं मिनिटाला साधारण 350 घनफूट हवा जाते, 6 इंचीत 785. रंधा मशीनला 4 इंची कमीच पडतो. मुख्य लाइन 6 इंची ठेवा. शेतीचा पीव्हीसी पाइप चालतो, तालुक्याला कुठंही मिळतो. काटकोनी एल्बो लावू नका, 45 चे दोन बेंड जोडा. वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप हातभराच्या वर नको, तो सगळा जोर खातो.

पण खरी गोम पुढं आहे. तुमची धूळ सँडरची आहे आणि तुम्ही घेताय रंध्याचा जाड भुसा ओढायचं यंत्र. सँडरच्या अंगठ्याएवढ्या तोंडाला एवढा ब्लोअर जोडून उपयोग नाही. ब्लोअर भरपूर हवा ओढतो, पण कमी ताकदीनं. बारीक तोंडातून खेचायला उलटं पाहिजे, हवा कमी आणि ताकद जास्त. म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. त्याच्याआधी झाकणाची बादली बसवून छोटा सायक्लोन लावा, नाहीतर फिल्टर दर अर्ध्या तासाला तुंबेल. बैल हातात धरून घासता, तर टेबलाच्या जागी भोकांच्या पाटीची पेटी करा, खालून ओढणारी. ब्लोअरचा खरा उपयोग तिथं.

काकांचं व्होल्टेजचं बरोबर. ब्लोअर आणि सॉ एका बटणावर नको. आधी ब्लोअर, पूर्ण फिरू द्या, मग सॉ. व्होल्टेज उतरलं असेल तर दोन्ही नको.

वाढईकाका
म्हणजे माहं बरोबर निघालं.

मिलफिटर
अर्धं, काका.

कुरडईवाली (अमरावती)
सगळे भाऊ हवा बाहेर सोडायचं म्हणतात, पण बाहेर म्हणजे कुठं? दिरांनी असंच शेड केलं आणि पाइपाचं तोंड आमच्या गच्चीच्या बाजूला. एप्रिलात कुरडया घातल्या, सरगुंडे वळले, मिरच्या पसरल्या. दुपारी उलटवायला गेले तर पांढऱ्या कुरडईवर पिवळट थर. फुंकला तर उडेना, ओल्या चिकात रुतून बसला होता. पाच किलो गव्हाचा चीक गेला. त्यावर दीर म्हणतात, वहिनी, सागवान आहे, महाग लाकूड आहे.

आणि धूळ शेडमध्ये थांबते असं तुम्हाला वाटतं. ती शर्टावर घरात येते. झाडते मी, कपडे झटकते मी, शिंकते मी.

पॉलिशपेपर
ताई, मग फिल्टर लावून हवा आतच सोडावी. बाजारात कापडी पिशवीवाले मिळतात.

मिलफिटर
त्या स्वस्त पिशवीत जाड भुसा राहतो आणि बारीक धूळ कापडातून आरपार. मग ते धूळ उडवायचंच यंत्र झालं. बारीक विणीचा फिल्टर घ्यायचा तर महाग, आणि झटकावा लागतो. थंडीच्या देशात लोक हवा आत सोडतात, कारण तापवलेली हवा बाहेर घालवायची नसते. आपल्याकडं तो प्रश्नच नाही. पण ताईंचं खरं आहे, सायक्लोननंतरही सगळ्यात बारीक धूळ बाहेर जातेच. तोंड उंच न्या, आणि शेजाऱ्याच्या गच्चीकडं नको.

पॉलिशपेपर
पीव्हीसी पाइपात वीज साठून भुसा पेटतो म्हणतात, तांब्याची तार गुंडाळावी लागते?

मिलफिटर
झटका बसतो, हातावरचे केस उभे राहतात. तार गुंडाळून अर्थिंगला दिली तर झटका कमी होईल, गुंडाळा. मोठ्या कारखान्यात धुळीचे स्फोट होतात हे खरं, पण तुमच्या एवढ्याशा लाइनीत मला भीती दुसऱ्याची. जमीन झाडताना खिळा ओढला गेला, पंख्याच्या पात्याला लागून ठिणगी उडाली आणि ती ड्रमात रात्रभर धुमसत राहिली, ती. ड्रम रोज रिकामा करा. आणि अळशीच्या तेलाच्या चिंध्या त्याच्याजवळ ठेवू नका, त्या आपोआप तापतात.

मास्कवाला
इतकं सगळं करण्यापेक्षा दाढी काढली तर?

हौशी_सुतार
दाढी राहील.

मिलफिटर भाऊंमुळे बेत उलटा झाला. आधी व्हॅक्यूम आणि बादली, मग भोकांची पेटी आणि तिच्यापुरता ब्लोअर. रंधा मशीन तोवर दाराशी ओढून चालवेन, तिचा छिलका जाड असतो, पोत्यात भरून शेजारचे कोंबड्यांखाली टाकायला नेतातच. 6 इंची लाइन पुढच्या वर्षी, कापसाला भाव मिळाला तर. बाबांना पंखा फिरवतो की काढतो हे त्या उन्हाच्या काडीत दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ते भोक बुजव आधी, पावसाळ्यात गळते.

वाढईकाका
एक बैल माया नातवासाठी ठेवा. सागाचा नको, आडजातीचा चालते. वशिंड काचेनं करा, मी पाहीन.

कुरडईवाली
सर, पाइपाचं तोंड कोणत्या बाजूला, ते अजून सांगितलं नाही.

हौशी_सुतार
पश्चिमेला, ताई. तिकडं आमचीच कापसाची पराटी आहे, घर नाही.

कुरडईवाली
आणि उन्हाळ्यात वारा कुठून येतो?