लॅपटॉप चालू, स्क्रीन बंद: वीज खरंच वाचते का?

रातवा
रात्री मोठं डाउनलोड किंवा बॅकअप लावला की लॅपटॉप स्लीपला टाकता येत नाही, कामच थांबतं. पण म्हणून स्क्रीन रात्रभर चालू का ठेवायची? माझं ठाम मत आहे, बघायला कोणी नसेल तर ती बंदच हवी. १४-१५ इंची साध्या एलसीडी पडद्याचा बॅकलाइट (मागचा दिवा) मध्यम उजेडाला ३-४ वॅट सहज घेतो. गाणी वाजवणं, फाइल उतरवणं अशा हलक्या कामात अख्खा लॅपटॉपच १० वॅटच्या आसपास चालतो. त्यातले ४ वॅट वाचले तर ५० वॅट-अवरची बॅटरी ५ तासांऐवजी ८ तास पुरते. ज्यांच्या गावात भारनियमन आहे त्यांना हे तीन तास किती मोलाचे ते वेगळं सांगायला नको.

हिशेबनीस
गणित बरोबर, निष्कर्ष पटत नाही. रोज ८ तास ४ वॅट वाचवले तरी महिन्याला जेमतेम १ युनिट होतं. तेवढी वीज ७५ वॅटचा जुना पंखा तेरा तासांत खातो. रिकाम्या खोलीतला पंखा आधी बंद करा. आणि खरा तोटा पुढे आहे: पडदा काळा झाला की मशीन बंद असल्यासारखं वाटतं आणि ते दिवसचे दिवस तसंच राहतं. आत ६ वॅट चालूच. सवय लावायची तर काम संपल्यावर शटडाउन करायची लावा.

रातवा
बिलाचा मुद्दा मी काढलाच नव्हता. भिंतीतून येणारी वीज आणि बॅटरीतली वीज यांचा हिशेब एकच कसा? लाइट गेल्यावर ते १ युनिट कुठून आणणार?

रेंडरवाला
हलक्या कामापुरतं रातवा यांचं खरं आहे. मी व्हिडिओ एडिटिंग करतो. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, लागला की लॅपटॉप ४५ वॅट ओढतो, तिथे ४ वॅट म्हणजे दहावा हिस्साही नाही. उलट लोक स्क्रीन बंद करायची म्हणून झाकणच मिटतात, ते मला अजिबात मान्य नाही. बऱ्याच लॅपटॉपची गरम हवा बिजागरीजवळून बाहेर पडते, थोडी उष्णता कीबोर्डमधूनही निघते. झाकण लावून, वर गादीवर ठेवून रेंडर लावला तर आतलं तापमान चढतं, प्रोसेसर वेग कमी करतो आणि काम लांबतं. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यात ती रात्रभर १०० टक्के चार्जवर असेल तर आणखी वाईट. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती जरूर वापरा.

नवखी
काळा वॉलपेपर किंवा स्क्रीनसेव्हर लावला तर नाही का चालणार?

रातवा
एलसीडीवर नाही. चित्र काळं असलं तरी मागचा बॅकलाइट जळतच असतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, तिथे काळ्याचा फायदा होतो. स्क्रीनसेव्हर तर सीआरटीच्या, म्हणजे जुन्या जाड काचेच्या मॉनिटरच्या जमान्यातले, आतल्या चमकणाऱ्या फॉस्फरच्या थरावर कायमचा डाग पडू नये म्हणून आलेले. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्क्रीन बंद' १ मिनिटावर ठेवा आणि 'स्लीप' नेव्हर करा. बॅटरी आणि चार्जर, दोन्हींसाठी वेगवेगळं सेटिंग असतं, ते पाहून घ्या. झाकणाला हात लावायची गरजच नाही.

हिशेबनीस
हे 'नेव्हर'च मला खटकतं. एकदा केलं की परत कोणी बदलत नाही, मग लॅपटॉप काम नसतानाही चालूच राहतो. त्यापेक्षा विंडोजच्या शटडाउन कमांडला (टाइप करून द्यायच्या आज्ञेला) वेळ देऊन ठेवा. १०८०० सेकंद दिले की तीन तासांनी मशीन आपोआप बंद.

रातवा
आणि मध्येच नेट गेलं तर? डाउनलोड अर्धवट, मशीन बंद, सकाळी परत पहिल्यापासून. आमच्याकडे रात्री नेट दोनदा तरी जातं. ज्या डाउनलोडरमध्ये 'काम संपल्यावर बंद करा' असा पर्याय आहे तो वापरेन, पण घड्याळ लावून बंद करणं मला चालणार नाही.