'कच्चा कैदी' की 'न्यायाधीन बंदी'? आणि पॅरोल-फर्लोला मराठीत काय म्हणायचं?

आम्ही काहीजणी मिळून आत असलेल्यांच्या घरच्यांसाठी दोन पानी माहितीपत्रक करतोय आणि पहिल्याच ओळीला अडकलोय. खटला चालू आहे, शिक्षा झालेली नाही, पण जामीन नाही म्हणून माणूस आत आहे, त्याला काय म्हणायचं? पेपरात 'कच्चा कैदी' येतं, जेलच्या कागदावर 'न्यायाधीन बंदी'. मला 'कच्चा' फार खटकतो, कच्चं ते कधीतरी पिकणारच असा अर्थ निघतो ना त्यातून, म्हणजे आज कच्चा उद्या पक्का. देशातल्या तुरुंगांत दर चार जणांत साधारण तीन जण असेच, शिक्षा न झालेले आहेत, तेव्हा हा शब्द किती घरांना चिकटतोय बघा.

–––

मला वाटतं इथला कच्चा आंब्यातला नाही. कच्ची पावती, कच्चा खर्डा, कच्ची नोंद आठवा, कच्चं म्हणजे अजून कायम न झालेलं, जे रद्दही होऊ शकतं. त्या अर्थाने शब्द बरोबरच आहे. माझा आक्षेप पुढच्या 'कैदी'वर आहे, कारण ऐकणाऱ्याला कच्चा ऐकूच येत नाही, फक्त कैदी ऐकू येतं. आणि याचं मूळ कायद्यातच आहे. 1894 च्या प्रिझन्स ॲक्टमध्ये फौजदारी कोर्टाच्या हुकमाने आत पाठवलेला कोणीही 'क्रिमिनल प्रिझनर', आणि दोषी ठरला की 'कन्व्हिक्टेड क्रिमिनल प्रिझनर'. म्हणजे गुन्हा शाबित व्हायच्या आधीच नावात क्रिमिनल! खरंतर त्याच कायद्यात शिक्षा न झालेल्याला बाहेरून स्वतःचं जेवण, कपडे, अंथरूण घ्यायची मुभा होती, सक्तमजुरी तर त्याला लागूच नाही. तरी आपण सरसकट 'खडी फोडायला गेला' म्हणतो.

–––

हे क्रिमिनलचं माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं. पण 'न्यायाधीन'ची वेगळीच अडचण आहे. मी एका आईला मसुदा वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, न्यायाधीश काय म्हणाले ताई? दोनदा सांगितलं तरी त्यांना न्यायाधीशच ऐकू येत होतं. त्या स्वतः मुलाबद्दल 'आत आहे, केस चालू आहे' एवढंच बोलतात. कधी वाटतं तेच लिहावं.

–––

तेच लिहा. जेलच्या भाषेत जोडी अशी आहे, न्यायाधीन म्हणजे केस चालू असलेला आणि सिद्धदोष म्हणजे दोष सिद्ध झालेला. अर्थाला दोन्ही शब्द नेमके आहेत, पण घरी कोणी बोलत नाही. कारागृहाचं तसंच, बोलताना सगळे जेल नाहीतर तुरुंगच म्हणतात. (तुरुंग पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्या 'त्रोंकु'चा अर्थ झाडाचं खोड आणि पाय अडकवायचा खोडा. आपलंही खोड आणि खोडा, जवळचेच शब्द.)

आता 'सुधारसेवा' बघा. केंद्राने 2023 ला आदर्श कायदा आणला त्याच्या नावात कारागृह आणि सुधारसेवा दोन्ही आहेत, आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये नागपूर अधिवेशनात नवं विधेयक मंजूर झालं त्याच्याही नावात. बंदी म्हणजे फक्त कोंडायचा माणूस नाही हे कायद्याच्या नावातच आलं, ते मला मनापासून आवडलं. पण ज्याचा दोषच ठरलेला नाही त्याच्यात सुधारायचं काय? त्याला सुधारणा नको, तारीख हवीय.

–––

पॅरोल आणि फर्लोचं पण सांगा कोणीतरी, आमच्या पत्रकात दोन्ही एकच झालेत.

–––

एक करू नका, लोकांचं नुकसान होईल. तुरुंगातून मिळणाऱ्या रजेच्या 1959 च्या नियमांत फर्लो म्हणजे 'संचित रजा' आणि पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'. संचित म्हणजे साठलेली, ठरावीक शिक्षा भोगली की मिळण्याजोगी होते, खास कारण द्यावं लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा कारणासाठी, घरात मृत्यू, आजारपण, लग्न, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. पॅरोल फ्रेंच आहे, अर्थ 'शब्द', परत येईन असा दिलेला शब्द. ज्याने कोणी अभिवचन केलं त्याने मूळ अर्थ अगदी अलगद उचललाय, मला हा भाषांतराचा उत्तम नमुना वाटतो. पण दोन्ही रजा शिक्षा झालेल्यांसाठी हं, केस चालू असलेल्याने जामिनाचंच बघायचं.

–––

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केलाय, चुकलं असेल तर सांगा:

"तुमचा माणूस आत आहे आणि केस चालू आहे. म्हणजे तो गुन्हेगार ठरलेला नाही. तो आधी कधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल आणि त्या कलमाच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तो आत राहिला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली त्याला सोडण्याबद्दल वकिलाला विचारा. आधी कधी दोषी ठरला असेल तर निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केस चालू असतील तरी नाही."

'कच्चा कैदी' फक्त एकदाच ठेवलाय, कंसात, कारण वकिलाच्या तोंडून तो त्यांच्या कानावर पडणारच आहे. 'एक तृतीयांश' मात्र बदलायचंय, 'तीन वर्षांची शिक्षा असेल तर एक वर्ष' असं लिहू का?