शब्दचर्चा: ‘रीमिक्स’, ‘फेजिंग’ आणि लेहरा

गुणगुण: टेरी रायली या अमेरिकन रचनाकारावर लिहितेय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियातल्या एका डिस्कोथेकसाठी त्याने हार्वी एव्हर्नच्या बँडचं एक ‘सोल’ (कृष्णवर्णीय अमेरिकनांची लोकप्रिय संगीतशैली) गाणं घेतलं. टेपची वेटोळी करून त्यातलेच तुकडे पुन्हापुन्हा, एकमेकांवर सरकवत वाजवले आणि छोट्याशा गाण्याची वीसेक मिनिटं केली. याला ‘पुनर्मिश्रण’ म्हणू का?

आडताल: नको, सिमेंट कालवल्यासारखं वाटतं. ‘रीमिक्स’ मराठीत मुरलाय. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे रीमिक्स म्हणजे जुन्या गाण्याखाली नवा ठेका. रायली ठेका चढवत नाही, गाण्यातलंच गाणं उसवतो. एवढं एका वाक्यात सांगा आणि शब्द तोच ठेवा.

गुणगुण: आणि लूपला, म्हणजे त्या फिरत्या टेपच्या वेटोळ्याला, ‘आवर्तन’?

लेहरेकरी: आवर्तन तालाचं, समेपासून (पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत. त्यापेक्षा लेहरा जवळचा: एकल तबल्याला हार्मोनियमवर एका आवर्तनाची तीच ओळ तासभर. पण लेहरा जागचा हलत नाही. तो हलला तर तबलजी कुठे बघणार? इथे तर हलण्यातच गंमत आहे. स्टीव्ह राइख या दुसऱ्या अमेरिकन रचनाकाराने १९६५ मध्ये एकाच आवाजाच्या दोन टेप सोबत लावल्या. यंत्रांच्या वेगात किंचित फरक, त्यामुळे प्रती हळूहळू वेगळ्या होत गेल्या. १९६७ च्या ‘पियानो फेज’मध्ये तेच माणसं करतात. बारा सुरांची ओळ. एक वादक स्थिर, दुसरा जरासा वेग वाढवत एक सूर पुढे जातो, तिथे थांबतो, मग पुन्हा पुढे. बाराव्या खेपेला दोघं परत एकत्र. वाजवायला भयंकर अवघड, कारण आपलं सगळं शिक्षण सोबत्याला धरून राहण्याचं!

स्वरपट: या सरकत जाण्याला, म्हणजे फेजिंगला, ‘कलांतर’ घ्या. भौतिकशास्त्रात लहरीच्या फेजला ‘कला’ म्हणतातच, चंद्राच्या कलांसारखं.

आडताल: शब्द चोख, पण मुद्रितशोधक त्याचं ‘कालांतर’ करून मोकळा होईल. नाम कशाला शोधायचं? ‘दोन प्रती एकमेकींपासून सरकत जातात’ म्हणा. फक्त ‘घसरतात’ नको. लय घसरणं हा आपल्याकडे दोष आहे.

स्वरपट: रायली किराणा घराण्याच्या पं. प्राणनाथांचा शिष्य ना? मग लूपचं मूळ आपल्याकडेच.

लेहरेकरी: किराणा म्हटलं की अब्दुल करीम खाँचं मिरज आठवून आपला ऊर भरून येतो, पण ती तालीम १९७० पासूनची. हे गाणं त्याआधीचं. लूप त्याला टेपरेकॉर्डरने शिकवला.

गुणगुण: मग असं लिहिते: ‘रायलीने या गाण्याचं रीमिक्स केलं, पण नवा ठेका न चढवता, गाण्याचेच तुकडे टेपच्या वेटोळ्यांवर फिरवत, एकमेकांपासून सरकवत.’ आणि थोडक्या सुरांच्या पुनरावृत्तीवर उभ्या या शैलीला, मिनिमलिझमला, ‘अल्पतावाद’?

आडताल: मिनिमलिझमच ठेवा. ‘अल्पता’ वाचून लोकांना वाटेल, सूर कमी पडले.