ग्रामसभेतला सहभाग आणि गावाचं सुखसमाधान आकड्यांत कसं मोजावं?

शिवारफेरी
मंडळी, बीड जिल्ह्यातल्या १२ ग्रामपंचायतींचा अभ्यास आखतो आहोत. लोकशाही गावाच्या अंगवळणी किती पडली आहे, लोकांचा प्रत्यक्ष सहभाग किती आणि त्यांचं जगणं किती समाधानाचं, अशा तीन गोष्टी मोजायच्या आहेत. बेत असा: ग्रामसभेची हजेरी प्रोसिडिंग बुकातून (इतिवृत्ताच्या वहीतून) घ्यायची, ग्रामपंचायत निवडणुकीतल्या मतदानाची टक्केवारी घ्यायची, दर गावात ३० घरांमध्ये समाधानाचा प्रश्न विचारायचा आणि सगळ्याची सरासरी काढून गावांचा क्रम लावायचा. प्रत्यक्ष काम डिसेंबरात. यात कुठे गडबड होऊ शकते?

कोरमवाला
पहिली गडबड हजेरीतच आहे. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ५०० मतदारांच्या गावाला ७५ माणसं लागतात आणि १,८०० मतदारांच्या गावाला १०० पुरतात, जे जेमतेम साडेपाच टक्के झाले. साधारण ६६७ मतदारांच्या पुढे गाव जितकं मोठं तितकी ही अट सैल. म्हणून 'कोरम झाला / नाही झाला' हा निर्देशक घेऊच नका. हजर माणसं भागिले मतदार असं गुणोत्तर काढा, आणि तेही स्त्रियांचं वेगळं, प्रत्येक वाडी-वस्तीचं वेगळं. समजा १,८०० मतदारांत १०८ सह्या आहेत, म्हणजे ६ टक्के. त्यात ८६० स्त्री मतदारांपैकी १९ जणी असतील तर त्यांची हजेरी २.२ टक्के. गावाच्या एका आकड्यात ही तफावत बुडून जाते, आणि मोजायची तर तीच आहे.

दुसरं, कोरमअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. वर्षात किती सभा मुळात भरल्या आणि किती ठराव तहकूब सभेत मंजूर झाले, हे स्वतंत्र रकान्यात भरा. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तिचं इतिवृत्त वेगळं असतं का, आणि तिथला एखादा विषय पुढे ग्रामसभेच्या ठरावात दिसतो का, हे तपासा. बऱ्याच ठिकाणी महिला सभा त्याच दिवशी अर्धा तास आधी कागदावर उरकलेली दिसते.

प्रोसिडिंग वाचताना प्रत्येक ठरावासाठी एक ओळ: सूचक कोण, अनुमोदक कोण, विषय नोटिशीत होता की ऐनवेळचा, विरोधी मत नोंदलंय का, आणि पुढच्या वर्षी त्याचं काय झालं. चार सभांच्या ठरावांत सूचक-अनुमोदक म्हणून तीच पाच-सहा नावं फिरत असतील तर शंभर सह्या असूनही सभा पाच-सहा जणांचीच आहे. 'सर्वानुमते मंजूर' हे वाक्य एकमताचा पुरावा धरू नका, ती लिहिण्याची पद्धत आहे. सह्यांचं पान नीट बघा. एकाच शाईत, एकाच वळणाच्या ओळीने सह्या किंवा सलग अंगठे असतील तर वही घरोघरी फिरली असण्याची शक्यता असते. तशी पानं गाळू नका, 'शंकास्पद' अशी खूण करून हिशोब दोन्ही प्रकारे करा.

वही ग्रामपंचायतीने सहज दाखवली तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, प्रती २ रुपये पानाला. आधी अभिलेख बघायला मागा आणि लागतील त्याच पानांच्या प्रती घ्या. वही किती सहज मिळाली हीसुद्धा नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

मतदानाच्या टक्केवारीबद्दल सांगायचं तर ती या यादीतून काढाच. ग्रामपंचायतीला मतदान चुरशीचं होतं, पण त्यात भावकीची इर्षा असते आणि बाहेरगावी गेलेल्यांना आणायला उमेदवारांच्या गाड्याही धावतात. त्यातून संघटित चढाओढ कळते, लोकशाहीची सवय कळत नाही. शिवाय बिनविरोध गावांचं काय करणार? तिथे मतदानच नाही. त्या रकान्यात शून्यही चालणार नाही आणि शंभरही. बिनविरोध म्हणजे समंजसपणा असंही गृहीत धरू नका: जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथल्या ग्रामपंचायत निवडणुका पदांच्या लिलावामुळे रद्द केल्या होत्या.

नमुना_आठ
बीड आणि डिसेंबर? अजिबात नको. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या पाडव्याच्या आसपास परततात. डिसेंबरात गावात सापडतील ती बागायतदार घरं, नोकरदार आणि मागे राहिलेले म्हातारे. सर्वांत कमी सहभाग ज्यांचा, तेच नमुन्यातून बाहेर. मे महिना किंवा जूनची सुरुवात बघा, पेरणीच्या आधी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचे आकडेही याच चष्म्यातून वाचा. टोळ्या कारखान्यावर असताना झालेली सभा आणि १५ ऑगस्टची सभा यांची हजेरी एका मापात बसत नाही.

घरांची यादी नमुना ८ वरून (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीवरून) घेतलीत तर अतिक्रमणातली आणि नोंद न झालेली घरं सुटतात. मतदार यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं राहतात. मतदार यादी आधार धरा, आशाताई किंवा अंगणवाडीताईंबरोबर एक दिवस वस्तीवस्तीने फिरून दुरुस्त करा आणि मग ठरावीक अंतराने नावं उचला. मुलाखती मात्र त्यांच्याकडून नकोत, आणि ग्रामसेवकाकडून तर नकोतच. योजनेची यादी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कोण तक्रार करेल?

घर निवडून 'घरात जे भेटेल त्याला' विचारू नका. दिवसा एका प्रकारची माणसं भेटतात, रात्री दुसऱ्या. घराची निवड केलीत तर सगळ्या प्रौढांची यादी करून यादृच्छिक अंकाने एक नाव काढा. 'ज्याचा वाढदिवस आधी' ही युक्ती इथे चालत नाही, कारण अनेकांची जन्मतारीख १ जून.

३० घरांबद्दल: ३०० घरांच्या गावात ३० मुलाखतींवर काढलेली टक्केवारी गावाच्या खऱ्या आकड्यापेक्षा १७ अंकांपर्यंत वर-खाली असू शकते. १०० मुलाखती केल्या तर हा फरक ८ वर येतो. ३० वरून १२ गावांचा क्रम लावणं म्हणजे निव्वळ योगायोगाला नंबर देणं. सगळी ३६० एकत्र धरली आणि एकाच गावातली उत्तरं एकमेकांसारखी असतात याची सूट दिली तर फरक ६ अंकांच्या आसपास. बाराही गावांचं मिळून चित्र म्हणून ते ठीक, क्रमवारी म्हणून नाही.

पायरी_पायरीने
समाधानासाठी ० ते १० ची शिडी वापरा आणि ती कागदावर काढून न्या. नुसतं तोंडी विचारलं की 'बरं चाललंय' हेच उत्तर येतं, आणि आकडा मागितला तर सगळे ५ वर थांबतात. सर्वांत वरच्या पायरीचा अर्थ आधी सांगा: तुम्हाला जमेल असं सर्वांत चांगलं आयुष्य. मग बोट ठेवायला सांगा.

हा प्रश्न सर्वांत आधी. अमेरिकेत गॅलप या जनमत संस्थेच्या रोजच्या पाहणीत राजकारणाचे प्रश्न आधी विचारले तेव्हा उत्तर सरासरी ०.६ पायरी घसरलं, हे अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी दाखवून दिलं. ग्रामसभेबद्दल बोलून झाल्यावर शिडी पुढे केलीत तर तुम्ही सरपंचावरचा राग मोजाल.

सहभागाचे प्रश्न नेमके हवेत. 'ग्रामसभेला जाता का?' याला सगळे हो म्हणतात. 'मागच्या १ मेच्या सभेत कोणते विषय निघाले?', 'तुम्ही स्वतः काही मागितलंत का? मग पुढे काय झालं?', 'सरपंचाच्या विरोधात बोललं तर काही त्रास होईल असं वाटतं का?' असं विचारा. लोकशाहीची सवय तिसऱ्या प्रश्नात सापडते. तो एकांतातच विचारायचा, सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना नाही.

भूतानचा सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांक बघा. ९ क्षेत्रं, ३३ निर्देशक. सुशासन या क्षेत्रात राजकीय सहभागाला ४० टक्के वजन आहे, आणि तिथे पुढच्या निवडणुकीत मत देणार का यासोबत गावसभेची हजेरीही विचारतात.

शिवारफेरी
आभार. काम मे महिन्यात नेतो, मतदान काढतो. पण निधी देणाऱ्यांना शेवटी एकच आकडा हवा आहे. तीन भागांची सरासरी तरी दाखवू का?

कोरमवाला
साधी सरासरी दाखवू नका. सहभाग ८० आणि समाधान २० असलं तरी ती ५० येते, म्हणजे एकीकडची उणीव दुसरीकडून भरून निघते. आकडा द्यायचाच तर गुणोत्तर मध्य काढा, म्हणजे आकड्यांचा गुणाकार करून दोन असतील तर वर्गमूळ, तीन असतील तर घनमूळ. याच उदाहरणात तो ४० येतो. मानव विकास निर्देशांकाने २०१० पासून तीच पद्धत घेतली. प्रत्येक भाग ० ते १०० च्या पट्टीवर आणताना किमान-कमाल मर्यादा १२ गावांच्या आकड्यांवरून ठरवू नका, एखादं टोकाचं गाव सगळी पट्टी ताणतं. आधीच ठरवा, उदाहरणार्थ हजेरी ० ते ३० टक्के. आणि तिन्ही भाग शेजारी छापल्याशिवाय एकत्रित आकडा बाहेर देऊ नका. माझ्या मते समाधान त्यात मिसळूच नये: दुष्काळाच्या वर्षी शिडी खाली येईल आणि त्याच वर्षी टँकरसाठी ग्रामसभा भरगच्च होईल.

तयार तुलना हवी असेल तर केंद्राचा पंचायत अ‍ॅडव्हान्समेंट इंडेक्स (पंचायतींची प्रगती मोजणारा निर्देशांक) आहे, ९ संकल्पनांवर. २०२२-२३ चे गुण २०२५ मध्ये जाहीर झाले. पण त्यातली माहिती यंत्रणेने भरलेली असते, लोकांच्या तोंडची नाही. तुमच्या मुलाखतींशी ती जिथे जुळत नाही, ती गावं आधी उघडून बघा.

नमुना_आठ
एक राहिलं. 'माहीत नाही' आणि 'सांगत नाही' यांना दोन वेगळे क्रमांक द्या, दोन्ही गाळून टक्केवारी काढू नका. भीतीच्या प्रश्नावर 'सांगत नाही' एका वस्तीत जास्त येत असेल तर त्या वस्तीची ती टक्केवारी वेगळी छापा. मात्र मुलाखती १० पेक्षा कमी असतील तर वस्तीचं नाव अहवालात देऊ नका, माणूस लगेच ओळखू येतो.